आतड्याला कुणी सांगितलेलं नसतं: मूत्राशय काढल्यावर रक्तात काय बदलतं

आप्पांचं मूत्राशय काढलं त्याला आता सहा वर्षं होतील. आप्पा म्हणजे माझे सासरे. लघवीतून रक्त जायला लागलं तेव्हा कॅन्सर कळला, आणि तो मूत्राशयाच्या स्नायूपर्यंत शिरलेला होता त्यामुळे दुर्बिणीतून खरवडून भागणार नव्हतं, पूर्ण मूत्राशयच काढावं लागलं आणि आतड्याच्या तुकड्याची नवीन पिशवी शिवून आत बसवली. ऑपरेशन छान झालं, बायोप्सीचा रिपोर्ट चांगला आला, टाके वेळेवर निघाले, आणि आप्पा कोपरीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी स्वतःच्या पायांनी जिने चढून आले. अख्खी बिल्डिंग बघायला आली होती.

आणि मग चार महिन्यांनी ते खंगायला लागले.

जेवण सुटलं. भाकरी नको, वरणभात नको, चहासुद्धा अर्धा ठेवायचे. वजन सहा किलोनं उतरलं. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबायचे आणि धावत लोकल पकडल्यासारखा मोठा मोठा श्वास घ्यायचे, पण मला खरी भीती वाटली ती एकदा दुपारी, ते खिडकीशी खुर्चीत नुसते बसलेले होते, पेपर मांडीवर तसाच घडी केलेला, आणि तेव्हाही श्वास तसाच चालू होता, खोल आणि भराभर. घरात कुणी बोलत नव्हतं पण सगळ्यांच्या मनात एकच होतं की कॅन्सर परत आला. सीटी स्कॅन केला, तो स्वच्छ आला. जवळच्या एका डॉक्टरांनी पित्ताच्या कॅप्सूल दिल्या, टॉनिक दिलं आणि म्हणाले वय झालंय, मोठं ऑपरेशन झालंय, वेळ लागणारच.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, ठाण्याहून रोज ट्रान्सहार्बरनं ऐरोलीला जाते. दिवसभर लोकांचं सोडियम पोटॅशियम मशीनवर लावते आणि माझ्याच घरातल्या माणसाचं लावायचं मला महिनाभर सुचलं नाही, ते मला अजून टोचतं. शेवटी एका सकाळी घरीच रक्त काढून लॅबला घेऊन गेले. क्लोराइड ११७ आलं आणि बायकार्बोनेट १४. ज्यांना हे आकडे माहीत नाहीत त्यांच्यासाठी, क्लोराइड साधारण ९८ ते १०७ मध्ये असतं आणि बायकार्बोनेट २२ ते २८ मध्ये. मी मशीन परत चालवलं. तेच आलं.

त्याच दिवशी सर्जनना फोन केला, त्यांनी ताबडतोब ॲडमिट करायला सांगितलं. तिथे आप्पा लघवी करून आले आणि त्यानंतर मूत्रमार्गातून नळी घातली तर पिशवीत अजून चारशे मिली शिल्लक निघाली. नळी तशीच ठेवली, सोड्याचं औषध सुरू झालं, आणि पाचव्या की सहाव्या दिवशी आप्पांनी आपणहून विचारलं, आज पिठलं केलंय का.

मी डॉक्टर नाही, औषधाचा डोस सांगायला बसलेली नाही. पण हे नेमकं काय होतं ते मला कुणी साध्या मराठीत आधीच सांगितलं असतं तर ते दोन महिने आमच्या घरात तसे गेले नसते, म्हणून लिहितेय.

तर आधी ऑपरेशन काय असतं ते बघू. मूत्राशय काढलं तरी किडन्या लघवी बनवतच राहणार, मग तिला वाट करून द्यावी लागते. त्यासाठी बहुतेक वेळा लहान आतड्याच्या शेवटच्या भागातला, म्हणजे इलियममधला तुकडा वापरतात. दोन मुख्य प्रकार आहेत. एकात साधारण १५ सेंटीमीटरचा तुकडा घेतात, किडनीकडून येणाऱ्या दोन्ही नळ्या त्याला जोडतात आणि तुकड्याचं दुसरं तोंड पोटावर उघडतात, त्यावर बाहेरून पिशवी चिकटवायची. याला इलियल कंड्युट म्हणतात. दुसऱ्यात ४० ते ६० सेंटीमीटर आतडं घेऊन ते उभं चिरून, घड्या घालून त्याचा गोल फुगा शिवतात आणि मूळच्या मूत्रमार्गालाच जोडतात, म्हणजे माणूस नेहमीच्या वाटेनं लघवी करतो. हा निओब्लॅडर. आप्पांचा हाच.

मी नातेवाईकांना समजावताना म्हणते की कंड्युट म्हणजे कौलारू घराची पन्हळ आणि निओब्लॅडर म्हणजे गच्चीवरची टाकी. पन्हळीतून पाणी वाहून जातं, टाकीत साठून राहतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे लागणार आहे.

आता मूळ मुद्दा. आपल्या मूळच्या मूत्राशयाला आतून जे अस्तर असतं ते जवळजवळ वॉटरप्रूफ असतं, चार तास लघवी साठली तरी त्यातलं फारसं काही परत रक्तात जात नाही, त्याचं कामच ते आहे. आतड्याचं काम याच्या बरोबर उलटं. समोर जे येईल ते चाचपायचं, मीठ, पाणी, क्षार जे घेण्यासारखं वाटेल ते ओढून रक्तात द्यायचं. सर्जननं तो तुकडा कापला, शिवला, जागा बदलली, नाव बदललं, पण आतड्याला कुणी सांगितलेलं नसतं की तू आता मूत्राशय झालास. ते आपलं शोषतच राहतं, फक्त आता त्याच्यासमोर अन्न नसतं, लघवी असते.

आणि लघवीत काय असतं? शरीरात रोज आम्ल तयार होतं, आपण खातो त्या प्रथिनांपासूनच होतं, ते साठून चालत नाही. किडनी ते गोळा करते आणि त्याचा मोठा भाग अमोनियमच्या रूपात बांधून लघवीत टाकते. आमच्या सोसायटीत सकाळी ओला कचरा खाली ठेवतात आणि घंटागाडी येऊन घेऊन जाते, तसंच समजा. आता कल्पना करा की घंटागाडी गेटबाहेर पडली आणि वळसा घालून तोच कचरा परत जिन्यात आणून ठेवला. आतड्याची पिशवी हेच करते. ती लघवीतलं अमोनियम उचलते आणि परत रक्तात देते. वर क्लोराइडही आत घेते, आणि त्या क्लोराइडच्या बदल्यात बायकार्बोनेट बाहेर सोडते. बायकार्बोनेट म्हणजे रक्तातला सोडा, आम्ल मारणारा. म्हणजे आम्ल परत आलं आणि ते मारणारा सोडाच निघून गेला, दोन्हीकडून मार. आत आलेल्या अमोनियमचं लिव्हर युरिया करून टाकतं खरं, पण त्या व्यवहारात आणखी बायकार्बोनेट खर्ची पडतं.

परिणाम काय, तर रक्तात क्लोराइड वाढतं, बायकार्बोनेट घटतं आणि रक्त आम्लाकडे झुकतं. वैद्यकीय नाव हायपरक्लोरेमिक मेटाबॉलिक ॲसिडोसिस. आप्पांचे ११७ आणि १४ हे दोन आकडे म्हणजे हेच नाव आकड्यांत लिहिलेलं. तो मोठा श्वाससुद्धा त्याचाच, रक्तातलं आम्ल कमी करायला शरीर कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर फेकत असतं, फुप्फुसाला काही झालेलं नसतं.

इथे एक गोष्ट जोर देऊन सांगायची आहे कारण आमच्याकडे गाडी तिथेच अडकली. ॲसिडोसिस म्हणजे ॲसिडिटी नाही. आपल्याकडे ॲसिडिटी म्हटलं की पित्त, छातीत जळजळ, आंबट ढेकर. ते जठरातलं आम्ल, ते तिथे असायलाच हवं असतं. हे रक्तातलं आहे. मळमळतं दोन्हीत, भूक दोन्हीत जाते, म्हणून घोटाळा होतो, पण पित्ताच्या कॅप्सूलनं जठरातलं आम्ल कमी होईल, रक्तातलं तसंच राहणार. मूत्राशयाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला थकवा, अन्नावरची वासना उडणं, मळमळ, तहान, वजन उतरणं असं काही व्हायला लागलं तर पित्त म्हणण्याआधी रक्त तपासा. एवढी एकच गोष्ट कुणी या लेखातून घेतली तरी मला पुष्कळ आहे.

ही काही नवी गोष्ट पण नाही. लघवी आतड्यात वळवायचा पहिला प्रयत्न लंडनमध्ये १८५२ मध्ये जॉन सायमन यांनी केला, मूत्राशय जन्मतःच पोटावर उघडं असलेल्या एका मुलावर. पुढे कित्येक दशकं किडनीच्या नळ्या सरळ मोठ्या आतड्याला जोडायची पद्धत होती, म्हणजे लघवी आणि शौच एकाच वाटेनं. १९५० मध्ये फेरिस आणि ओडेल या अमेरिकन डॉक्टरांनी अशा पेशंटांची रक्तं तपासली तर दर दहातल्या जवळपास आठांमध्ये हाच बिघाड सापडला. त्याच वर्षी, १९५० मध्येच, युजीन ब्रिकर यांनी इलियल कंड्युटची पद्धत मांडली, तीच पन्हळ, आणि ती आजही जगभर चालते. लघवी आतड्यात मुक्काम करत नाही, हे तिचं मोठं बळ. मोठ्या आतड्याची ती जुनी पद्धत आता फार कमी करतात, आणि ज्यांचं तसं ऑपरेशन झालंय त्यांना जोडाच्या जागी बऱ्याच वर्षांनी कॅन्सर होण्याचा धोका असतो म्हणून कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, करत राहावी लागते.

म्हणजे बघा, सगळं तीन गोष्टींवर येऊन ठेपतं, आतडं किती वापरलं, लघवी त्यात किती वेळ थांबते, आणि किडनी किती दणकट आहे. किडनी चांगली असेल तर परत आलेलं आम्ल ती पुन्हा बाहेर टाकते, पुन्हा आलं तर पुन्हा टाकते, पेशंटला कळतही नाही. किडनी थकलेली असेल तर तिला ही डबल ड्यूटी झेपत नाही. म्हणूनच क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, वाढलेलं असलं, साधारण २ च्या पुढे, तर सर्जन निओब्लॅडरला सहसा नाही म्हणतात आणि बाहेरची पिशवी सुचवतात. आमच्या मागच्या बिल्डिंगमधल्या एक काकू त्यावरून खूप रडल्या होत्या, त्यांना वाटलं पैसे कमी पडतील म्हणून डॉक्टरांनी आपल्याला हलकं ऑपरेशन सांगितलं. तसं अजिबात नव्हतं. त्यांची किडनी वाचवायला सांगितलं होतं. मी त्यांच्या घरी जाऊन पन्हळ आणि टाकी कागदावर काढून दाखवली तेव्हा त्या शांत झाल्या, आणि आज त्या पोटावरची पिशवी लावून गावदेवीच्या बाजारात भाजी आणायला जातात.

आता माझ्या कामातलं थोडं सांगते, हे तुम्हाला कुणी आपणहून सांगणार नाही. आपल्याकडे बऱ्याच लॅबमध्ये इलेक्ट्रोलाइट्स, म्हणजे रक्तातले क्षार, लिहून दिलं की सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड एवढेच तीन येतात. बायकार्बोनेट त्यात बरेचदा नसतं. म्हणजे पेशंट दर तीन महिन्यांनी टेस्ट करतोय, फाइल जाडजूड झालीय, आणि जो आकडा हवा तोच त्यात नाही. म्हणून चिठ्ठीवर सीरम बायकार्बोनेट वेगळं लिहून घ्या. काही लॅब ते टोटल सीओटू या नावानं देतात, ते चालतं. ते नसेल तर निदान क्लोराइडकडे बघा, ते १०७ च्या वर चाललंय आणि सोडियम नेहमीसारखंच आहे तर डॉक्टरांना फोन करा. आणि हे सँपल ताजं लागतं. ट्यूबचं झाकण उघडं राहिलं किंवा सँपल तासन्‌तास पडून राहिलं तर त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि बायकार्बोनेट खोटं कमी येतं. घरून सँपल नेणारा मुलगा तुमच्या नंतर आणखी बारा घरं फिरणार असेल तर ही टेस्ट लॅबमध्ये जाऊन दिलेली बरी.

एक छोटं गणित पण आहे. सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेटची बेरीज वजा करायची. आप्पांचं सोडियम १३९ होतं, ११७ आणि १४ मिळून १३१, वजाबाकी ८. ही साधारण १२ पर्यंत नॉर्मल धरतात. डायबेटिसमध्ये किटोन नावाची आम्लं वाढतात किंवा जंतुसंसर्गात लॅक्टिक आम्ल वाढतं तेव्हा ही वजाबाकी मोठी येते. इथे बायकार्बोनेट एवढं खाली असूनही ती नॉर्मल होती, म्हणजे असं दुसरं कुठलं नवीन आम्ल नाही, सोडा गेलाय आणि त्याची जागा क्लोराइडनं घेतलीय. मशीनसमोर उभी राहून मी ही वजाबाकी केली तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हा कॅन्सर नाही.

उपचार ऐकायला सोपा आहे आणि पाळायला चिवट. पहिलं म्हणजे पिशवी वेळच्या वेळी आणि पूर्ण रिकामी करायची. निओब्लॅडरला लागल्याची जाणीव मूळच्या मूत्राशयासारखी नसते, म्हणून घड्याळ बघून जायचं. सुरुवातीला दर दोन ते तीन तासांनी, मग हळूहळू चार तासांपर्यंत, आणि रात्री गजर लावून उठायचं. पुरुषांनीही बसून, पोटावर जोर देऊन, घाई न करता. आप्पांना सवय उभ्यानं आणि पटकन उरकायची, त्यामुळे वरवरचं जायचं आणि तळाला चारशे मिली राहायचं, आणि त्या चारशे मिलीतून आतडं रात्रभर अमोनियम ओढत बसायचं. ज्यांची पिशवी पूर्ण रिकामी होत नाही त्यांना दिवसातून ठरावीक वेळा स्वतः नळी घालून ती रिकामी करायला शिकवतात. आप्पा ते शिकले, सत्तराव्या वर्षी, आरशासमोर. पहिल्या दिवशी हात थरथरत होते, आठवड्यानं बाथरूममध्ये अभंग म्हणत करायला लागले.

दुसरं औषध. सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या बहुतेकांना देतात. त्यानं गॅस होतो, पोट फुगतं, आणि सोडियम जातं म्हणून बीपी आणि हृदयवाल्यांना सांभाळून. घरातला खायचा सोडा चमच्यानं घेऊ नका, मला हा प्रश्न फार लोक विचारतात. एक लहान चमचा भरून सोडा म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ-दहा गोळ्या एकदम घेतल्यासारखं होतं. आणखी एक, आम्ल भरून निघायला लागलं की रक्तातलं पोटॅशियम पेशींमध्ये शिरतं आणि रक्तात एकदम कमी पडू शकतं, म्हणून सोडा सुरू केल्यावर पोटॅशियमही तपासतात, गरज पडली तर पोटॅशियम सिट्रेट देतात, त्यातून दोन्ही कामं होतात. पण किडनी कमजोर असेल तर पोटॅशियम उलट साठतं आणि ते हृदयाला घातक. त्यामुळे शेजारच्यांना चालतं म्हणून आपणही पोटॅशियमचं सिरप किंवा रोज दोन शहाळी, असं करू नका.

मिठाचं मात्र उलटं आहे आणि इथे घरोघरी चूक होते. निओब्लॅडर नवीन असतो त्या पहिल्या काही आठवड्यांत, महिन्यांत, तो मीठ आणि पाणी लघवीत सोडतोही. माणूस आतून सुकतो, चक्कर येते, गळून जातो, सोडियम खाली येतं. अशा वेळी सर्जन रोज दोन ते तीन लिटर पाणी आणि जेवणात थोडं जास्त मीठ सांगतात, आणि घरात काय चाललेलं असतं, तर बीपी आहे म्हणून वीस वर्षांपासून ताटात मीठ वाढायचं बंद. सासूबाईंना हे पटवायला मला दोन दिवस लागले. शेवटी मीठ घातलेली पेज, ताक आणि लिंबूसरबत यावर तडजोड झाली. रोज सकाळी उठल्यावर वजन करायचं आणि कॅलेंडरवर लिहायचं, दोन-तीन दिवसांत किलो-दोन किलो उतरलं तर ती चरबी गेलेली नसते, पाणी गेलेलं असतं. मे महिन्यात ठाण्यात जो घाम निघतो त्यात तर हे फारच. अर्थात बीपी, हृदय, किडनी बघून किती मीठ ते डॉक्टरच ठरवणार, मी फक्त एवढंच म्हणतेय की जुना नियम आपोआप चालू ठेवू नका, विचारा.

बी-ट्वेल्व्हची गोष्ट सावकाश येते म्हणून ती जास्त निसटते. हे जीवनसत्त्व आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला शोषलं जातं, त्याच इलियममध्ये जिथून पिशवीचा तुकडा घेतात. म्हणून सर्जन शेवटचे पंधरा-वीस सेंटीमीटर सोडून अलीकडचा भाग घेतात. तरीही शोषण कमी होऊ शकतं. लिव्हरमध्ये साठा असतो, तो तीन ते पाच वर्षं पुरतो, आणि मग जेव्हा ऑपरेशन सगळे विसरलेले असतात, कॅन्सरचे फॉलोअपही वर्षातून एकदावर आलेले असतात, तेव्हा पायात मुंग्या यायला लागतात, तळवे बधिर, अंधारात तोल जातो, विसरायला होतं. हे मी पुस्तकी सांगितलं. आपल्याकडची अडचण अशी की हा साठा मुळातच कमी असतो. आप्पा माळकरी, उभ्या आयुष्यात अंडं खाल्लेलं नाही, वर डायबेटिससाठी मेटफॉर्मिन, त्यानंही बी-ट्वेल्व्ह घटतं, वर पित्ताच्या कॅप्सूल महिनोन्‌महिने चालू, त्यानंही घटतं. चार बाजूंनी गळती. तर शाकाहारी माणसाचं ऑपरेशनच्या आधीच बी-ट्वेल्व्ह बघून घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे आणि मग दर वर्षी. कमी निघालं तर इंजेक्शन मिळतं, स्वस्त असतं, पण नसांना एकदा बरंच नुकसान झालं की ते पूर्ण भरून येईलच असं नाही. आणि नुसती फोलिक ॲसिडची गोळी घेत राहू नका, तिनं हिमोग्लोबिन सुधारलेलं दिसतं आणि नसांची झीज आतल्या आत चालू राहते.

हाडांचं असं की रक्तातलं आम्ल वर्षानुवर्षं थोडं थोडं जास्त राहिलं तर शरीर ते मारायला हाडांतला क्षार वापरतं, म्हणजे घरखर्चाला दागिने मोडल्यासारखं. कॅल्शियम हाडातून निघतं आणि लघवीत जातं. व्हिटॅमिन डीचं कामही आम्लात नीट होत नाही. मोठ्यांमध्ये हाडं ठिसूळ, मऊ होतात, दुखतात, लहान मुलांमध्ये उंचीवर परिणाम होऊ शकतो. नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांनी हे थांबत नाही, आधी आम्ल आवरावं लागतं.

तेच लघवीत गेलेलं कॅल्शियम खडे करतं. शिवाय आम्लामुळे लघवीतलं सिट्रेट कमी होतं, जे खडा होऊ देत नाही. आतड्याची पिशवी चिकट स्राव सोडते, त्यावर आणि काही जातीच्या जंतूंमुळेही खडे धरतात. भरपूर पाणी हा इथला मुख्य उपाय.

पोटाचं म्हणाल तर काहींना जुलाब लागतात, कारण पित्तातली आम्लंही त्याच शेवटच्या आतड्यात परत शोषली जातात, ती मोठ्या आतड्यात उतरली की तिथे पाणी सुटतं. त्याला वेगळं औषध आहे, सहन करत बसू नका, कारण जुलाबातूनही बायकार्बोनेटच जातं.

आतड्याचा कुठला भाग वापरला यावर सगळं चित्र बदलतं. जेजुनम म्हणजे लहान आतड्याचा वरचा भाग वापरला तर सोडियम कमी, पोटॅशियम जास्त आणि जबरदस्त सुकणं, म्हणून तो टाळतात. जठराचा तुकडा वापरला तर रक्त उलट अल्कलीकडे जातं. त्यामुळे डिस्चार्ज कार्डावर कुठला भाग आणि किती सेंटीमीटर हे लिहिलेलं आहे का बघा, नसेल तर लिहून मागा.

लघवीच्या रिपोर्टबद्दल लॅबवाली म्हणून कळकळीनं सांगते. आतड्याच्या पिशवीतून आलेल्या लघवीत पांढरे धागे दिसतील, तो आतड्याचा चिकट स्राव आहे, पू नाही. पस सेल्स म्हणजे पुवाच्या पेशी दिसतील, जंतू वाढतील, कल्चर म्हणजे जंतूंची तपासणी पॉझिटिव्ह येईल, प्रोटीनची पट्टी थोडी रंगेल. ताप नाही, थंडी नाही, कुशीत दुखत नाही, तर नुसत्या रिपोर्टवर अँटिबायोटिक सुरू करू नका, त्यानं जंतू निर्ढावतात आणि खरा ताप येतो तेव्हा औषध चालत नाही. बाहेरची पिशवी असलेल्यांनी त्या पिशवीतली साठलेली लघवी डबीत ओतून देऊ नये, तिच्यात सगळंच वाढलेलं असतं. नवीन पिशवी लावून पहिली ताजी लघवी द्या किंवा नर्सकडून पोटावरच्या तोंडातून नळीनं घ्यायला सांगा. पण ताप आला, उलट्या जुलाब सुरू झाले, तर मात्र एक रात्रही थांबू नका, जंतुसंसर्गात आणि सुकल्यावर हे आम्ल फार झपाट्यानं वाढतं.

क्रिएटिनिनही पिशवीतून थोडं परत शोषलं जातं, त्यामुळे किडनी आहे त्यापेक्षा जरा वाईट दिसू शकते. हाच नियम काही औषधांना लागू आहे, जी लघवीवाटे जशीच्या तशी बाहेर पडतात ती परत आत येऊन साठू शकतात, कॅन्सर आणि संधिवातावरचं मेथोट्रेक्सेट त्यातलं महत्त्वाचं. लिव्हर खराब असेल तर परत आलेल्या अमोनियाचा निचरा होत नाही, माणूस झोपाळतो, असंबद्ध बोलतो, घरच्यांना वाटतं म्हातारपणाचं.

वेळापत्रक म्हणाल तर आमच्या सर्जननी असं लावून दिलं, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, बायकार्बोनेट, क्रिएटिनिन, मग सहा महिन्यांनी, आणि बी-ट्वेल्व्ह आम्ही शाकाहारी म्हणून पहिल्या वर्षापासूनच. वर्षं जातात तशी पिशवीची आतली लव झिजत जाते आणि शोषण कमी होतं, बऱ्याच जणांचा सोडा कमी करता येतो. आप्पांच्या सहाच्या तीन गोळ्या झाल्या. पूर्ण बंद करून पाहिल्या तर बायकार्बोनेट महिन्यात १९ वर आलं, म्हणून तीन चालू आहेत.

गेल्या गणपतीत त्यांना बाहेर चक्कर आली आणि लोकांनी उचलून जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथे कुणाला काहीच माहीत नव्हतं आणि पोट फुगलंय म्हणून बद्धकोष्ठतेवर उपाय चालले होते, खरं तर पिशवी भरली होती. तेव्हापासून त्यांच्या शर्टाच्या खिशात लॅमिनेट केलेला कागद असतो, मी माझ्याच अक्षरात लिहिलाय: माझं मूत्राशय काढलेलं आहे, आत इलियमची पिशवी आहे, ५० सेंटीमीटर. पोट फुगलेलं दिसलं तर आधी लघवीची नळी घाला, आत चिकट स्राव असतो, जाड नळी घ्या आणि सलाइननं धुवा. इलेक्ट्रोलाइट्ससोबत बायकार्बोनेट तपासा. सोड्याच्या रोज तीन गोळ्या चालू. खाली सर्जनचा आणि माझा नंबर.